उरलेली गोष्ट रामसजीवनकडे

ज्या माणसाबरोबर मी अकरा वर्षं नोकरी केली, त्याच्या सहवासात मी दिवसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त कधी राहिलो नाही. आमच्या पाळ्याच तशा होत्या. बोईसरच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात आम्ही तिघं मिळून एक बॉयलर सांभाळायचो. मी सुटलो की तो यायचा, तो सुटला की रामसजीवन यायचा, आणि रामसजीवन सुटला की पुन्हा मी. वर्षागणिक पाळ्या बदलत, हा क्रम मात्र बदलत नसे. बॉयलर एकटा सोडायचा नाही हा आमचा पहिला नियम, म्हणून पुढचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत आधीच्याला जागचं हलता येत नाही. या पुढच्या माणसाला आम्ही रिलिव्हर म्हणतो. साहेबाशी बिनसलं तर माणूस बोलणी खाऊन घरी जातो. रिलिव्हरशी बिनसलं तर घरी जायचीच पंचाईत.

माझ्या रिलिव्हरला सगळे तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. हा दातिवऱ्याचा, समुद्राकाठी जन्मलेला, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. प्रत्यक्षात त्याला बोट लागायची. लहानपणी हौसेने शेजाऱ्याबरोबर एकदा समुद्रावर निघाला, तर खाडीच्या तोंडाशीच इतका ओकला की शेजाऱ्याने होडी वळवली, त्याला किनाऱ्यावर उतरवलं आणि त्याच्या आईला सांगितलं, "याला शालंत घाल, वैनी." शाळा झाली, आयटीआय झालं, बॉयलरची परीक्षा झाली आणि तांडेल पाण्याची वाफ करायच्या धंद्याला लागला. "दर्यानं मला बाहेर काडला, म्हनून मी पान्याला डब्यात कोंडून उकलवतो," असं तो सांगायचा. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, त्यामुळे बोलताना मी त्याला अहो-जाहो करायचो. आठवताना मात्र तो एकेरीतच येतो.

पाळी तीनची असेल तर हा अडीचला दारात. दातिवऱ्याहून बोईसर काही हाकेच्या अंतरावर नाही, तरी त्याची जुनी स्कूटर मी एकदाही उशिरा आलेली पाहिली नाही. बॉयलर हाऊसच्या दाराशी तो चपला काढायचा, चौकटीला हात लावून कपाळाला लावायचा आणि मग आत यायचा. आत आल्यावर प्रत्येक पंपाला हाताची मागची बाजू लावून बघायचा, पोराचा ताप बघतात तशी. मग बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी, मग दाबाचा काटा. हे सगळं झालं, की तो माझ्याकडे वळायचा.

"यंत्राचा चार्ज घेतला. आता तुजा दे."

"माझा कसला चार्ज?"

"घरी काय?"

"ठीक."

"ठीक म्हंजे किती किलो?"

वाफेचा दाब आम्ही किलोत मोजतो. सहा-सात किलोला बॉयलर सुखात असतो, दहाच्या वर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. तांडेलने हेच माप माणसांना लावलं होतं. आकडा सांगितल्याशिवाय तो लॉगबुकात सही करायचा नाही, आणि त्याची सही झाल्याशिवाय मी बाहेर पडू शकायचो नाही. बाहेर कंपनीची बस माझ्यासाठी थांबणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. मी सुटका करून घ्यायला रोज "सहा" म्हणायचो. आठवडाभर त्याने ऐकून घेतलं. मग एके दिवशी माझ्या छातीवर बोटाने दोनदा टकटक केलं, अडकलेल्या काट्यावर करतात तसं, आणि म्हणाला, "मास्तर, आठ दिवस सहावर हाय. काटा जाम झाला तुजा."

मला तो मास्तर म्हणायचा, कारण लॉगबुकात मी गरजेपेक्षा जास्त लिहायचो. तो दोष मला मान्य आहे, आणि त्याची शिक्षाही पुढे मिळाली.

एकदा मी खरा आकडा सांगितला. "नऊ. सासूबाई आल्यात, महिनाभर राहणार आहेत." तांडेलने गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, "मंग बस सोड. चाय पी, पायी जा, सातवर आल्याबिगर घरात शिरू नको." मी रागावलो, बस मात्र खरोखर सोडली. त्या संध्याकाळी घरात भांडण झालं नाही. याचं श्रेय मी त्याला कधी दिलं नाही. आमचे इंजिनियरसाहेब एकदा तणतणत आत आले, तर त्यांनाही हा म्हणाला, "साहेब, तुमी अकरावर हाय. आदी बाहेर जाऊन जरा वाफ सोडा, मंग मला शिव्या द्या." साहेब बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा शिव्या विसरले होते.

नारळी पौर्णिमेला तो बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीडवॉटरच्या टाकीला नारळ वाहायचा. पहिल्या वर्षी तो टाकीत सोडणारच होता, पण सेफ्टी ऑफिसरने पळत येऊन त्याचा हात धरला. बराच वाद झाला. "दर्या काय नि टाकी काय, पानी ते पानी," हा त्याचा मुद्दा आणि "व्हॉल्व्हमध्ये शेंडी अडकेल," हा ऑफिसरचा. शेवटी नारळ टाकीला दाखवून बाहेर फोडायचं ठरलं. खोबरं तिन्ही पाळ्यांना वाटायचं, आणि सेफ्टी ऑफिसरला दोन तुकडे, कारण तो पळून दमला होता.

आता खुर्चीचं प्रकरण सांगायला हवं. त्यात माझी शोभा होते, पण त्याशिवाय तांडेल पुरता कळणार नाही.

आमच्याकडे प्लास्टिकची एकच खुर्ची होती. तिचा एक पाय मी तारेने बांधून वापरात ठेवला होता. एका सकाळी येऊन बघतो तर खुर्ची आडवी आणि पाय वेगळा. रात्रपाळी रामसजीवनची. हा जौनपूरकडचा, आडदांड, कमी बोलणारा. मी त्याला काही विचारलं नाही. सरळ लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "खुर्ची तिसऱ्या पाळीत मोडली." साहेबांनी ते वाचलं आणि रामसजीवनला सगळ्यांसमोर झाडलं. दुसऱ्या दिवशी त्याच रकान्यात होतं, "कुर्सी पहले से टूटी थी, सब जानते हैं." त्याखाली मी लिहिलं, "सब म्हणजे कोण?" असं आठ-दहा दिवस चाललं. मग लिहिणंही थांबलं, आणि बोलणं तर खुर्चीबरोबरच मोडलं होतं. तो मला चार्ज द्यायचा तो बोटाने. काट्याकडे बोट, काचेकडे बोट, वहीकडे बोट, आणि निघून जायचा. सात महिने आम्ही असे काढले. त्याचं अक्षर वाचायचं नाही, असा मी एक नियमही करून टाकला होता.

या नियमाचं फळ एका दुपारी मिळालं. मी दोन नंबरचा फीडपंप चालू केला, तो घरघरला आणि बंद पडला. काचेतलं पाणी खाली सरकायला लागलं. बॉयलरमधलं पाणी कमी होणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, हे आमच्या धंद्यात पोरासोराला कळतं. एक नंबरचा पंप शेजारीच उभा होता, आणि मी दोन नंबरचंच बटण दाबत राहिलो होतो. इतक्यात तांडेल आला. पहिल्यांदाच चपलांसकट आत आला, मला बाजूला सारलं आणि एक नंबर चालू केला. पाणी हळूहळू वर चढलं. तो काचेसमोर उभा राहिला, मग वही उघडली. सकाळच्या शेऱ्यात ठळक अक्षरात होतं, "दो नंबर पंप मत चलाना."

"ह्ये वाचलंस नाय?"

"नाही."

"का?"

मी मोडक्या खुर्चीकडे बघितलं. तांडेल दारापर्यंत गेला, बाहेर जाऊन चपला काढल्या, चौकटीला हात लावला आणि रीतसर पुन्हा आत आला. सही केली. त्या दिवशी त्याने माझे किलो विचारले नाहीत. साहेबांपर्यंतही त्याने काही जाऊ दिलं नाही. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गोष्ट सुरू केली.

"मास्तर, आमच्या गावात दोन भाऊ व्हते. थोरला नि धाकटा. होडी एकच. दोगांचं भांडन झालं. थोरल्यानं सुकानू काडून घरी नेला. धाकट्यानं काय केलं, मशीन खोलून घरी नेली. आता सांग, होडी कुटं जानार?"

"कुठेच नाही."

"बरोबर. वालूत बसली. धाकट्याच्या बायकूला घरात जागा नाय, तिनं मशीनवर पापड वालत घातले." एवढं बोलून त्याने सही केली. "जा, बस जाईल."

तिसऱ्या दिवशी त्याने सुरुवातच केली, "तर नवरीची आई कमरेपर्यंत भिजली."

"कोण नवरी? कुणाचं लग्न?"

"त्ये मी काल राम्याला सांगतलं. त्याला विचार."

माझ्या लक्षात आलं की हा चार्ज घेताना मला एक भाग सांगतो, आणि आठ तासांनी चार्ज देताना पुढचा भाग रामसजीवनला. सगळी गोष्ट हवी तर आम्हा दोघांना बोलावं लागणार. एवढं उघड कारस्थान मला लगेच कळलं, आणि मी ठरवलं की विचारायचं नाही. दोन भावांच्या होडीचा माझ्याशी काय संबंध? मी जेवताना, झोपताना स्वतःला हेच बजावत होतो. बायकोने विचारलं, "कसला विचार करताय?" मी म्हटलं, "एका बाईचा, ती भिजली कशी ते कळत नाही." त्यावरून घरात जे झालं, ते इथे नको.

आठव्या दिवशी सकाळी रामसजीवनने काट्याकडे बोट केलं, काचेकडे केलं, वहीकडे केलं आणि तो निघाला. मी त्याच्या पाठीला म्हटलं, "वो दुल्हन की माँ भीगी कैसे?"

तो थांबला. वळला. सात महिन्यांनी त्याचा आवाज माझ्यासाठी निघाला. "पहले आप बताइए, बाराती लोग पापड़ थूके काहे?"

"इंजन पे सुखाया था. डीज़ल का बास."

रामसजीवन आधी गालात हसला आणि मग त्याला भिंतीला हात टेकावा लागला. बिचारा आठवडाभर त्या पापडापाशी अडकून पडला होता. मग त्याने मला सांगितलं, की धाकट्याच्या मुलाच्या लग्नाला आलेली नवरीची आई सावली बघून त्या वाळूतल्या होडीत जाऊन बसली, तिला झोप लागली आणि भरती आली. सुकाणू एका घरात, मशीन दुसऱ्या घरात, आणि विहीणबाई मधे. त्याची बस गेली. तो मोडक्या खुर्चीवर बसायला गेला, तेव्हा मी पुढे होऊन तिचा सुटा पाय धरला. तो म्हणाला, "टूटी तो पहले से थी." मी म्हटलं, "हाँ."

आधी कोण बोललं यावर आमचा आजही वाद आहे. तो म्हणतो, तो आधी थांबला, म्हणजे सुरुवात त्याची.

त्यानंतर रोज सकाळी "कल क्या बोला?" हा आमचा पहिला प्रश्न झाला. गोष्टीबरोबर पंपाचंही बोलणं व्हायचं, पोरांचंही व्हायचं. गोष्ट मात्र संपत नव्हती. थोरल्याच्या घरी सुकाणूला देवासारखी हळद लागली, धाकट्याच्या घरी मशीनचं नाव रेशनकार्डात घालायचा प्रयत्न झाला. आता एकच राहिलं होतं, दोघांतला आधी कोण कोणाच्या दारात जातो.

अशातच एका दुपारी तांडेल म्हणाला, "आज गोष्ट नाय, मास्तर. डावा हात जड झाला. क्लच दाबत नाय." मी बसकडे बघत म्हटलं, "केबल बदलून घ्या, सुकली असेल." त्याने मान हलवली. माझे किलो विचारले, मी सहा सांगितले आणि गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामसजीवनला विचारलं, "कल क्या बोला?"

"कुछ नहीं. बोला, सीढ़ी चढ़ा तो बोट लग गई. पसीना, उलटी जैसा. हम बोले, नींबू चूसो." तो हसत होता. "आपको क्या बोला?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला आणि त्याचं हसू उतरत गेलं. डावा हात त्याने मला सांगितला होता, घाम आणि मळमळ त्याला. दोन्ही अर्ध्या गोष्टी एकमेकांना लागल्या तेव्हा ती क्लचची केबलही राहिली नाही आणि बोट लागणंही राहिलं नाही. रामसजीवन म्हणाला, "हमारे चाचा का ऐसे ही हुआ था."

तांडेलचा फोन नुसता वाजत राहिला. तो डब्याच्या पिशवीत फोन ठेवायचा आणि पिशवी खुंटीला. मी दाराकडे गेलो आणि तिथेच थांबलो. बॉयलर सोडून मला जाता येत नव्हतं. मला सोडवणारा माणूस दातिवऱ्याला आजारी होता, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. रामसजीवन रात्रभराचा जागा. त्याने माझ्याकडे बघितलं, हल्लीच घेतलेल्या मोटरसायकलची किल्ली काढली आणि गेला.

त्या चार-पाच तासांत मी काट्याकडे किती वेळा बघितलं असेल देव जाणे. काटा सातवर सुखात होता. मला सारखं एकच सुचत होतं. अकरा वर्षं या माणसाने मला रोज विचारलं, तू किती किलो. मी त्याला एकदाही उलट विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

रामसजीवन तांडेलच्या घरी पोचला तर त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "ते एडवनला गेले, केबल बदलायला." माझाच सल्ला. एडवणच्या रस्त्याला एका मोरीच्या कठड्यावर तांडेल बसलेला सापडला. स्कूटर स्टँडवर, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, अंगातला शर्ट घामाने चिकटलेला. रामसजीवनला बघून म्हणाला, "राम्या, तुजी पाली रातची. आता कुटं फिरतो?" रामसजीवनने बर्फाचा एक टेम्पो आडवा होऊन थांबवला, त्याला पुढे बसवलं आणि पालघरच्या हॉस्पिटलात आणलं. बाराच्या सुमाराला माझा फोन वाजला. "भरती कर दिया. डॉक्टर बोला, टाइम पे लाए. ज़िंदा है, और बहुत बोल रहा है." मी खुर्चीवर बसलो. ती तीन पायांचीच होती, माझ्यासकट कलली, आणि मी जमिनीवर बसून घेतलं.

त्या दिवशी तीन वाजता मला रिलिव्हर आला नाही. मी सोळा तास उभा राहिलो आणि वहीत एक अक्षरही जास्त लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. पलंगावर तो छोटा दिसत होता. मी विचारलं, "किती किलो?" त्याला ते इतकं आवडलं की डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. मग चार बोटं दाखवली. "चार. पन काटा खरा हाय."

मी म्हटलं, "तुम्ही मुद्दाम केलंत का? हात मला, घाम त्याला?"

"मी कशाला मुद्दाम करू? मला सवय लागली, अर्दं तुला, अर्दं त्याला." मग म्हणाला, "गोष्टीचा शेवट झाला बरं का. काल राम्या आल्ता, त्याला सांगतला."

"मला पण सांगा."

"एकदा दिला तो चार्ज दिला. दोगांना कसा देनार?"

तांडेल मग कामावर आला नाही. निवृत्ती घेऊन दातिवऱ्याला बसला. दोन वर्षांनी रामसजीवनही नोकरी सोडून गावी गेला. तोपर्यंत मी त्याला शेवट शंभरदा विचारला असेल, तो दर वेळी म्हणायचा, "बताएँगे, जल्दी क्या है." आता दर रविवारी सकाळी मी त्याला फोन करतो. आधी तो माझे किलो विचारतो, मग मी त्याचे. त्याच्या सुनेशी त्याचं पटतं की नाही, माझी मुलगी अभ्यास करते की नाही, हे सगळं निघतं. शेवटी मी विचारतो, "तो पहले कौन गया? बड़ा कि छोटा?" आणि तो म्हणतो, "अगले इतवार."

गेल्या महिन्यात मी दातिवऱ्याला गेलो होतो. तांडेल ओटीवर डोळे मिटून पडला होता. वहिनींनी चहा आणला. मी सहज म्हटलं, "वहिनी, तुमच्या गावातल्या त्या दोन भावांची होडी दाखवा की एकदा. सुकाणू आणि मशीनवाली."

"कसली होडी, भाऊ?"

मी थोडक्यात सांगितलं. पापड, विहीणबाई, भरती. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "असं काय बी झालं नाय आमच्या गावात. ह्यांना होडीतलं काय कलतंय? ह्यांचे वडील तर टपाल वाटायचे."

मी ओटीकडे बघितलं. तांडेलचे डोळे मिटलेलेच होते, पण पायाचा अंगठा हलत होता.

म्हणजे दोन भाऊ नव्हतेच, होडी नव्हतीच. मग हॉस्पिटलात त्याने रामसजीवनला कसला शेवट सांगितला? काहीतरी रचून सांगितला असेल. नाहीतर काहीच सांगितलं नसेल, आणि रामसजीवन इतकी वर्षं रिकामी मूठ झाकून बसला असेल. मी वहिनींकडून सुक्या बोंबलांची पुडी घेतली आणि निघालो.

परवा रविवार होता. मी फोन लावला. त्याने किलो विचारले, मी साडेसहा सांगितले. तो म्हणाला त्याचे आठ आहेत, सुनेने टीव्ही आतल्या खोलीत नेला. अर्धा तास त्यावर गेला. मग मी नेहमीसारखं विचारलं, "तो पहले कौन गया?"

"सब आज ही बता देंगे," रामसजीवन म्हणाला, "तो आप फ़ोन काहे करेंगे?"

वहिनी काय म्हणाल्या, ते मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, "अच्छा. छोटा ही गया होगा."

"देखिए," तो म्हणाला, "अगले इतवार."